इंजिनाची नाडीपरीक्षा



काल याच व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावर दीड तास ऐकलेत, आणि पत्रिकेत छापल्याप्रमाणे उद्या हृदयविकारावर ऐकणार आहात. या दोहोंच्या मध्ये आमचा विषय येऊन पडला आहे : जुन्या मोटारसायकलींच्या इंजिनांची दुखणी. चिटणीसांनी तो टेलिफोनवर दोनदा विचारून घेतला. "इंजिनांची म्हणजे इंजिनांचीच ना?" असा त्यांचा प्रश्न होता. आम्ही हो म्हणालो आणि त्यांनी मोठ्या मनाने तसे छापले. आम्ही व्यवसायाने मिस्त्री नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. हौसेपायी वीसेक वर्षे हात तेलकट केले, त्यांत काही गाड्या सुधारल्या आणि काही आम्ही स्वतः बिघडवल्या. आज जे सांगणार आहोत त्यातले बरेचसे या दुसऱ्या वर्गातून शिकलेले आहे.

गाडी कोणती, ते आधी सांगितले पाहिजे. जिला ड्युअल-स्पोर्ट म्हणतात ती ही. दिवे, हॉर्न, नंबरपाटी आहे म्हणून ती डांबरी सडकेवर कायद्याने चालते. आणि उंच बांधणी, लांब चालीचे स्प्रिंग व खाचदार टायर आहेत म्हणून सडक संपली तरी थांबत नाही. याम्हाने १९६८ सालासाठी डीटी-१ ही अडीचशे सीसीची टू-स्ट्रोक गाडी अमेरिकेच्या बाजारात आणली, तेव्हापासून या जातीला स्वतःचे घर मिळाले. होंडाची १९७२ ची एक्सएल-२५० ही चार व्हॉल्व्हची फोर-स्ट्रोक होती. १९७६ च्या याम्हा एक्सटी-५०० वर सिरिल नेव्हू या फ्रेंच तरुणाने पहिली पॅरिस-डकार शर्यत जिंकली. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून निघालेली ती शर्यत जानेवारी १९७९ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर संपली. कावासाकीची केएलआर-६५० ही १९८७ सालची. आपल्याकडे हीरोची इम्पल्स २०११ मध्ये आणि रॉयल एन्फील्डची हिमालयन २०१६ मध्ये आली. दोन्ही आरंभी कार्बोरेटरवर चालणाऱ्या.

या बहुतेक सगळ्या गाड्या एका सिलिंडरच्या आहेत. आमच्या विषयाचे मर्म इथेच आहे. चार सिलिंडरांच्या मोटारीत एक आजारी पडला तर उरलेले तिघे त्याचे ओझे वाहतात. मालकाला महिनाभर पत्ताही लागत नाही. एकटा सिलिंडर कोणाच्या आड लपणार? मिनिटाला चार हजार फेरे फिरताना त्याला मिनिटाला दोन हजार वेळा पेट घ्यावा लागतो, म्हणजे सेकंदाला तेहतीस वेळा. त्यांतला एखादा पेट चुकला तरी तो थेट आपल्या मांडीला कळतो. असे इंजिन बिचारे स्पष्ट बोलते. अडचण एवढीच, की आपण त्याचे ऐकण्याआधी निकाल देऊन मोकळे होतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तालुक्यात पठारावर एक शाळा आहे. तिथले गुरुजी अशीच एक जुनी गाडी दुसऱ्याकडून विकत घेऊन वापरीत. एस.टी. खालच्या गावापर्यंतच जाते आणि पुढची सात किलोमीटर वाट दगडाची. एके रविवारी गुरुजी गाडी ढकलीत आमच्या दाराशी आले. म्हणाले, "भाऊसाहेब, इंजिन गेलं म्हणतात. रिंगा गेल्या, बोअर करून पिस्टन बदलावा लागेल म्हणतात. मी तर भंगारात द्यायला निघालोय. तेवढं एकदा बघून सांगा." त्यांना खर्चाचा जो आकडा सांगितला होता, तो गाडी घेतली तेव्हाच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. आणि गाडी गेली तर पठारावरची शाळा गुरुजींना रोज पायी गाठावी लागणार होती, अथवा बदली मागावी लागणार होती.

आम्ही विचारले, "गुरुजी, निदान करताना सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले होते का?" नाही. "प्लग काढून पाहिला होता का?" तो काढून नवा बसवला होता; जुना कोणी निरखला नव्हता. किक मारून, कान देऊन, मान हलवून निकाल झाला होता.

आपल्या वैद्यकात दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगितली आहे. इंजिनाला ती जशीच्या तशी लागू पडते. फक्त क्रम उलटा धरावा, प्रश्न आधी. त्रास केव्हा होतो? गाडी थंड असताना की तापल्यावर? मंद चालीवर की ओढताना? पाऊस लागून गेल्यावर सुरू झाला, की महिनाभर उभी राहिल्यावर? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, जो विचारताना मालकाच्या तोंडाकडे पाहावे : त्रास सुरू होण्याआधी कोणी कशाला हात लावला होता? या शेवटच्या प्रश्नाने आम्हांला जितके रोग सापडले तितके कुठल्याही हत्याराने सापडले नाहीत.

गुरुजींच्या गाडीची हकीकत अशी निघाली. सकाळी चोक ओढला की सुरू होते, चोक आत ढकलला की मरते. उतारावर थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके वाजतात. कधी मंद चाल आपोआप चढते आणि उतरायला वेळ घेते. धूर नाही. ऑइल कमी होत नाही. नवा प्लग काढून पाहिला, तो चारच दिवसांत खडूसारखा पांढरा झालेला.

आता रिंगा गेल्या असत्या तर काय दिसले असते? ऑइल वर चढून जळले असते, निळा धूर निघाला असता, प्लग काळा व चिकट झाला असता. इथे सगळ्या खुणा उलट्या. चोक म्हणजे पेट्रोलाचे प्रमाण वाढवणे. पेट्रोल वाढवले की गाडीला बरे वाटते, याचा अर्थ एरवी तिला पेट्रोल तरी कमी पडते आहे किंवा हवा तरी जास्त मिळते आहे. पांढरा प्लग तीच साक्ष देतो, सायलेन्सरचे फटाकेही तीच.

कार्बोरेटर आणि इंजिनाचे हेड यांच्यामध्ये रबराचा एक आखूड नळा असतो. एका बाजूने हेडची उष्णता, दुसऱ्या बाजूने पेट्रोल, आणि खालून सारखा हादरा. दहा-बारा वर्षांत त्याला भेगा पडतात. वरून तो धडधाकट दिसतो, वाकवला म्हणजे भेग तोंड उघडते. गाडी मंद चालीवर ठेवून आम्ही न्हाव्याच्या फवाऱ्याने त्या रबरावर पाण्याचा बारीक तुषार मारला. डाव्या बाजूला काही नाही. खालच्या बाजूला तुषार लागताच इंजिनाचा सूर क्षणभर बदलला, कारण पाण्याने भेग बुजली. पेट्रोल किंवा तसले ज्वालाग्राही द्रव मारूनही ही परीक्षा करतात, पण तापल्या इंजिनावर तो खेळ करू नये, पाण्याने भागते. नवे रबर मागवले. ते येईपर्यंत गुरुजी आठवडाभर पायी गेले. एवढ्यावर ते दुखणे संपले. गाडी आजही पठारावर जाते.

त्या पहिल्या निदान करणाऱ्या माणसाला आम्ही लबाड म्हणत नाही. त्याच्यापुढे दिवसाला पंधरा गाड्या असतात आणि पाठीशी मालक घाई करीत उभा असतो. इंजिन उघडणे हा त्याला खात्रीचा उपाय वाटतो, कारण उघडल्यावर काहीतरी झिजलेले सापडतेच. पंधरा वर्षांच्या इंजिनात न झिजलेले काय असते? पण झिजलेला भाग सापडणे निराळे आणि त्रासाचे कारण सापडणे निराळे.

म्हणून आमचा क्रम असा की बाहेरून आत जावे, स्वस्ताकडून महागाकडे जावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. हे शेवटचे पथ्य पाळणे फार कठीण आहे. प्लग, फिल्टर आणि जेट एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर आनंद होतो खरा, पण ज्ञान शून्य. आणि गाडी अधिक बिघडली तर आता तीन आरोपी उभे, त्यांतला एक आपण स्वतः आणलेला.

पेट्रोलाबद्दल जरा विस्ताराने बोलतो, कारण उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीचा रोग बहुधा तिथे असतो. कार्बोरेटरमध्ये मंद चालीसाठी जो लहान जेट असतो त्याचे भोक पुष्कळ गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे डिंकासारखा थर राहतो. त्या थराला हे भोक बुजवायला कितीसा वेळ लागणार? खूण तीच : चोकवर चालते, चोक काढला की मरते. पण इथे रबराच्या भेगेसारखी मंद चाल कमी-जास्त होत नाही, ती टिकतच नाही. जेट काढून उजेडाकडे धरावा, आरपार गोल उजेड दिसला पाहिजे. भोकात पोलादी तार घालू नये. जेट पितळेचा असतो, तारेने भोक रुंदावते आणि मग आयुष्यभर गाडी जास्त पेट्रोल पिते. कार्बोरेटरचा फवारा आणि हवेचा झोत एवढ्यावर भागवावे. फार तर विजेच्या वायरीतला तांब्याचा एक तंतू वापरावा.

अलीकडे यात एक भर पडली आहे. २०२५ पर्यंत आपल्या देशात पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागले. त्याच्या बऱ्यावाईटाचा राजकीय वाद आम्हांला इथे घालायचा नाही. जुन्या गाडीच्या दृष्टीने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इथेनॉल ओलावा शोषते, आणि पाणी प्रमाणाबाहेर झाले की पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात, नेमके पेट्रोल कॉकच्या तोंडाशी. दुसरे, त्या काळची काही रबरे या मिश्रणासाठी बनलेली नव्हती. ती फुगतात किंवा कडक होतात. तिसरे, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे जुना कार्बोरेटर त्याच मापावर थोडा कमी पेट्रोलाचा ठरतो. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून ती रिकामी करावी. तेच पेट्रोल काचेच्या वाटीत धरून पाहावे. तळाशी पाण्याचे मणी लोळताना दिसले तर निदान तिथेच झाले.

पेट्रोलाच्या बाबतीत आमची स्वतःची एक फजिती सांगतो. आमची गाडी वीसेक मिनिटे चालून बंद पडे. रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे बसलो की पुन्हा सुरू. इग्निशन कॉइल तापून दगा देते, असे आम्ही ठरवले, कारण तशी खूण पुस्तकात वाचलेली होती आणि वाचलेले आठवले की माणसाला आपण शहाणे झाल्यासारखे वाटते. कॉइल बदलली. फरक नाही. मग पल्स कॉइल बदलली. फरक नाही. शेवटी एका चढावर ती बंद पडली असता, टाकीत पेट्रोल आहे की नाही हे पाहायला झाकण उघडले, तर टाकीने मोठा उसासा टाकला आणि हवा आत शिरली. झाकणातले हवेचे बारीक भोक चिखलाने बुजले होते. पेट्रोल खाली उतरे, त्याची जागा घ्यायला हवा आत येऊ शकत नसे, टाकीत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल अडून बसे. दहा मिनिटांत थोडी हवा कशीबशी आत झिरपे आणि गाडी चाले. दोन कॉइलींचे पैसे आणि एक टाचणी, असा त्या आजाराचा हिशेब आहे.

ठिणगीचे शास्त्र थोडक्यात सांगतो. ठिणगी तपासायची ती बंद पडल्याच्या क्षणी, घरी आल्यावर नव्हे. जास्तीचा एक प्लग जवळ बाळगावा, टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला घट्ट टेकवावा आणि किक मारावी. प्लगच्या उघड्या भोकापासून तो लांब धरावा. तिथून पेट्रोलाची वाफ बाहेर येत असते. निळी, कडकडीत ठिणगी दिसली तर कॉइलीला दोष देऊ नये. आणि अजिबात ठिणगी नसेल तर मोठ्या शंका काढण्यापूर्वी हँडलवरचे बंद करण्याचे बटण, साइड स्टँडचा स्विच आणि क्लचचा स्विच पाहावा. हे सांगताना आम्हांला हसू येत नाही, कारण या बटणापायी आम्ही एकदा अर्धा कार्बोरेटर खोलला आहे.

आता कॉम्प्रेशन. इथे चूक महागात पडते, म्हणून थोडे थांबू. प्लगच्या भोकात गेज लावून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून किक मारल्या म्हणजे दाबाचा आकडा मिळतो. तो कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावा. ऑइलाने रिंगांच्या फटी तेवढ्यापुरत्या भरतात. म्हणून आकडा चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा. तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा संशय धरावा. पण पुष्कळ सिंगल-सिलिंडर इंजिनांत किक हलकी व्हावी म्हणून आपोआप चालणारा डिकॉम्प्रेसर बसवलेला असतो. तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो आणि निरोगी इंजिनाचाही आकडा कमी दाखवतो. हे ठाऊक नसल्यामुळे किती चांगली इंजिने उघडली गेली असतील, देव जाणे.

याहून खात्रीची परीक्षा कानाची आहे. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, गिअर टाकून चाक आवळून धरावे, आणि प्लगच्या भोकातून पंपाने हवा भरावी. हवा कुठून तरी सुसू करीत निघणारच. कार्बोरेटरच्या तोंडाशी ऐकू आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडाशी आली तर रिंगा, आणि पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडचे गॅस्केट. इंजिनाचा एक बोल्ट न उघडता आतले चारही दरवाजे कळतात. आमच्या माहितीत या कामासाठी सायकलच्या पंपाला जुन्या प्लगची सांगड घालून साधन करणारे एक मिस्त्री आहेत. गावात असा माणूस असेल तर त्याला जपा.

मघाशी चुकीच्या निदानाबद्दल बोललो. आता आम्ही स्वतः केलेली हत्या सांगतो, कारण तिच्याइतके दुसऱ्या कशानेही आम्हांला शिकवले नाही.

आमच्या पहिल्या गाडीचे टॅपेट वाजत. शिलाईच्या मशीनसारखी एकसारखी टिकटिक. शेजारी विचारीत, मित्र हसत. आम्ही एका मिस्त्रींकडे गेलो आणि म्हणालो, "मिस्त्री, हा आवाज बंद करून द्या." ते म्हणाले, "साहेब, थोडा आवाज असू द्या." आम्ही म्हणालो, "पैसे घ्या, पण आवाज नको." त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिले आणि टॅपेट आवळून दिले. गाडी मुकी झाली. आम्ही खूश. चार महिन्यांनी ती तापली की पुन्हा सुरू होईना. थंड झाली की निमूट सुरू. मग मंद चाल गेली, मग ओढ गेली. प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला. पुढे हेड उतरवले तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेचा नखाएवढा तुकडा जळून गेलेला होता.

झाले असे. व्हॉल्व्हची दांडी तापली की लांबते. म्हणून थंड असताना तिच्या टोकाशी थोडी फट ठेवावी लागते, साधारण वहीच्या कागदाच्या जाडीएवढी. उदाहरण म्हणून केएलआर-६५० घेतली तर तिची मापे इनटेकला ०.१० ते ०.२० मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर अशी आहेत. प्रत्येक गाडीची मापे तिच्या पुस्तकात पाहावीत. फट फार कमी ठेवली तर तापलेला व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही. आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः त्या बैठकीच्या वाटेनेच हेडमध्ये उतरत असते. टेकला नाही की उष्णतेला वाट नाही, आणि शेजारून जळता वायू शिरतो. मग तो जळणार नाही तर काय होईल?

इथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. फट वाढली की आवाज वाढतो आणि मालक धावत जातो. पण व्हॉल्व्ह बैठकीत ठोकला जाऊन हळूहळू आत रुतत असतो, आणि त्यामुळे फट आपोआप कमी होत जाते. हा रोग आवाज करीत नाही, उलट असलेला आवाज बंद करतो. "हल्ली गाडी किती शांत झाली आहे," असे जुन्या गाडीचा मालक कौतुकाने सांगू लागला की आम्ही आता फिलर गेज हातात घेतो. त्या मिस्त्रींनी आम्हांला सांगितले होते, आम्हीच ऐकले नाही. पुढे त्यांच्याकडेच हेडचे काम केले. त्यांनी मागच्या गोष्टीचा उल्लेखही केला नाही, आणि ते आम्हांला अधिक लागले.

आता आमच्या "आधी उघडू नका" या म्हणण्याला एक अपवाद आहे, तोही सांगितला पाहिजे. तो अमेरिकेतला आहे. केएलआर-६५० च्या इंजिनात एकाच मोठ्या पिस्टनचा हादरा शमवण्यासाठी तोलाची वजने आहेत आणि ती एका साखळीने फिरतात. ही साखळी ताणून धरायला एक लहानसा दांडा आणि एक स्प्रिंग. ठरावीक अंतराने बाहेरचा बोल्ट सैल करायचा, स्प्रिंगने दांडा ओढून घ्यायचा, बोल्ट पुन्हा आवळायचा, अशी व्यवस्था. १९८७ ते २००७ च्या गाड्यांत हा दांडा कधी तडकून मोडे, कधी स्प्रिंग तुटे किंवा तिची ओढ संपे. बाहेरून काहीच कळत नसे. उलट, स्प्रिंग तुटलेली असताना मालक प्रामाणिकपणे बोल्ट सैल करी तेव्हा साखळी अधिकच ढिली पडे. निगा राखणाराच नुकसान करी. तिकडच्या मालकांनी या भागाला "डूहिकी" असे नाव ठेवले, म्हणजे आपल्याकडे नाव आठवले नाही की "ते हे" म्हणतात तसे. खूण नसताना इंजिनाचे डावे झाकण उघडून तो पाहावा आणि मजबूत दांडा बसवावा, हे त्यांच्यात सर्वमान्य झाले. २००८ च्या नव्या घडणीत कारखान्यानेही दांडा सुधारला. म्हणजे एखाद्या जातीचा ठाऊक असलेला दोष असेल तर लक्षणांची वाट पाहू नये. पण तो दोष त्या जातीचा असला पाहिजे. तुमच्या गल्लीतल्या कोणी तरी सांगितला एवढ्याने भागत नाही.

धूळ आणि पाणी हे या गाड्यांचे दोन जन्माचे वैरी. एअर फिल्टर स्पंजाचा असेल तर तो धुऊन, वाळवून त्याला फिल्टरचे तेल लावावे लागते. कोरडा स्पंज बारीक धूळ अडवीत नाही. आणि फिल्टरच्या कडेला ग्रीस न लावल्यामुळे फटीतून आत गेलेली माती रिंगांना पॉलिश कागदासारखी घासते. फिल्टरच्या पेटीच्या आतल्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला पांढऱ्या रुमालाने पुसून पाहा. रुमालावर माती आली तर मात्र गुरुजींना सांगितलेला निकाल तुमच्या बाबतीत लवकरच खरा ठरेल.

पाण्याचे एकच सांगतो. पावसाळ्यात ओढा ओलांडताना गाडी पडली आणि इंजिन पाण्यात बंद पडले, तर माणूस घाबरून पहिली गोष्ट कोणती करतो? सेल्फचे बटण दाबतो. ते करू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी भरलेले असताना सेल्फने जोर केला किंवा उतारावर गिअर टाकून ढकलली, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि ते काम खरोखर इंजिन उघडण्याचे होते. गाडी कडेला आणावी, प्लग काढावा, फिल्टरची पेटी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी, मग किक मारून पाणी भोकातून बाहेर उडवावे. समोर तोंड करून उभे राहू नये. ऑइलचा रंग पाहावा. दुधाळ चहासारखे दिसले तर त्या ऑइलवर इंजिन चालवू नये. गाडी टेम्पोत घालून घरी आणावी आणि ऑइल बदलावे, लागल्यास दोनदा.

वेळ संपत आली, चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत. सभागृहाच्या बाहेर डाव्या बाजूला आमची गाडी उभी आहे, आणि कार्बोरेटरचा वाटीचा स्क्रू कुठे असतो, रबर कुठे असते, हे ज्यांना हाताने पाहावयाचे असेल त्यांनी थांबावे. एक पाना आणि टॉर्च आणली आहे. टॅपेटची फट मात्र आज दाखवता येणार नाही. आम्ही तिच्यावर बसूनच इथवर आलो, इंजिन गरम आहे, आणि ती फट थंड इंजिनावरच मोजायची असते. ज्यांना ती पाहावयाची असेल त्यांनी उद्या सकाळी सातला, आम्ही किक मारण्यापूर्वी, घरी यावे.